नऊ ते सव्वानऊ: एका पाळणाघराचं प्रकरण

"ताई, दुसरं पाळणाघर सुचवा." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आईने सांगून टाकलं. अकरा महिन्यांचं बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं आणि झोपेतही तिच्या गळ्याजवळचं कापड त्याने मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. बाबा फोनमध्ये यादी घेऊनच आले होते. सात नावं, प्रत्येकापुढे घरापासूनचं अंतर, उघडण्याची वेळ, कॅमेरे आहेत का, खेळायची खोली वेगळी आहे का. सध्याच्या पाळणाघराबद्दल मात्र दोघांकडे एकच वाक्य होतं: तिथल्या मावशी लक्ष देत नाहीत.

लहान मुलांच्या सांभाळाची सोय शोधणाऱ्या कुटुंबांबरोबर मी काम करते, आणि मुलं सांभाळणाऱ्यांबरोबरही. बरीच वर्षं या दोन कामांच्या माझ्या वह्या वेगळ्या होत्या. या प्रकरणानंतर मी त्या एक केल्या, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते आहे. दोन्ही घरांना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

काय घडत होतं

बाळ साडेनऊ महिन्यांचं असताना आईची रजा संपली. घरात आजी होत्या, पण गुडघ्यांमुळे बाळाला उचलून घेणं त्यांना जमत नव्हतं. बाबांची पाळी दर आठवड्याला बदलायची. चालत दहा मिनिटांवर एक मावशी स्वतःच्या घरात पाळणाघर चालवत होत्या आणि शेजारच्या दोन मुलांना त्यांनीच मोठं केलं होतं. सोमवारी बाळाला तिथे ठेवलं आणि त्याच दिवशी आई पूर्ण वेळ कामावर रुजू झाली.

सहा आठवड्यांत घरातलं सगळं चित्र पालटलं. दारात आकांत, पाळणाघरात बाटलीला तोंड लावायचं नाही, संध्याकाळी आई स्वयंपाकघरात गेली तरी रडू, रात्री चार-चार वेळा जाग. त्या महिन्यात वजनाचा काटा हलला नाही. डॉक्टरांनी तपासलं, आजार काही निघाला नाही. आईची झोप तर गेलीच होती, पण त्याहून जास्त तिला बोचत होतं ते हे की बाळ तिच्याकडे पाहून आता पूर्वीसारखं हसत नाही.

इथे माझ्या हातून पहिली चूक झाली. त्यांनी पत्ता मागितला आणि मी पत्ते दिले. माझ्या नोंदीतली तीन पाळणाघरं सांगितली. त्यातलं एक दीड वर्षाखालची मुलं घेतच नव्हतं, दुसऱ्याची प्रतीक्षायादी लांब होती, तिसरं बाबांच्या पाळीच्या वेळांत बसत नव्हतं. चौकशीत आठवडा गेला. त्या आठवड्यात बाळ रोज त्याच दारात रडत राहिलं आणि ते दार मी अजून पाहिलंही नव्हतं.

वयाचा हिशेबही मी आधी मांडायला हवा होता. आठव्या महिन्याच्या सुमारास बाळाला आपलं माणूस आणि परकं माणूस यांतला फरक पक्का कळू लागतो, आणि नजरेआड झालेलं माणूस कुठेतरी आहे हेही कळू लागतं. ते परत येईल हे मात्र अजून कळत नाही. म्हणून दहाव्या ते अठराव्या महिन्याच्या दरम्यान ताटातुटीची भीती सर्वांत तीव्र असते. या बाळाची सुरुवातच त्या काळाच्या तोंडावर झाली, तीही एका दिवसात. आता पाळणाघर बदललं असतं तर नवा वास, नवे आवाज, नवे हात, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. बदल कधीच करू नये असं मी म्हणत नाही. जिथे बाळाला मारतात, घाबरवतात, कोंडून ठेवतात तिथून त्याच दिवशी उचलावं. पण "लक्ष देत नाहीत" या वाक्याच्या पोटात काय आहे ते बघितल्याशिवाय बदल करणं म्हणजे ताप कशाचा आहे हे न बघता औषध बदलणं झालं.

मी काय पाहिलं

मावशींची परवानगी घेऊन मी सकाळी पावणेनऊला तिथे जाऊन बसले. कोपऱ्यात, जमिनीवर, वही मिटून.

एकूण सात मुलं. तीन दीड वर्षाखालची, चार दोन ते चार वर्षांची. मोठं माणूस एक. इंग्लंडमध्ये घरी एकटीने मुलं सांभाळणाऱ्या व्यक्तीकडे पाच वर्षांखालची साधारण तीनच मुलं असावीत आणि त्यांत एक वर्षाखालचं एकच, असा नियम आहे. केंद्रांमध्ये तान्ह्या मुलांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची शिफारस तीन बाळांमागे एक मोठं माणूस अशी आहे. नियम जागोजागी वेगळे, पण तान्ह्या बाळांच्या बाबतीत आकडा तीनच्या आसपासच घुटमळतो, कारण माणसाला हात दोन आणि मांडी एक.

नऊला दार वाजलं ते सव्वानऊपर्यंत वाजतच राहिलं. पंधरा मिनिटांत चार मुलं आली. एकाचं नाक वाहत होतं आणि त्याची आई दारातच औषधाच्या वेळा सांगत होती. दुसऱ्याने जिन्यातच चप्पल फेकली होती. मावशींच्या कडेवर सव्वा वर्षाचं एक, कानाला फोन, आणि दार पायाने अडवून धरलेलं, कारण आतलं तीन वर्षांचं पोर बाहेर निसटायला टपलेलं. आमचं बाळ खिडकीशी कलत्या बाळखुर्चीत पट्टा लावून होतं. समोर घडी केलेलं दुपटं आणि दुपट्यावर टेकवलेली दुधाची बाटली. बाळाने मान वळवली, बाटली घसरली, दूध हनुवटीवरून मानेच्या वळीत आणि तिथून अंगड्यात गेलं. ते रडलं नाही. दाराकडे बघत राहिलं. मला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

मी उठणार तेवढ्यात मावशींची आणि माझी नजरानजर झाली.

"दिसतंय हो मला," त्या म्हणाल्या. "हात मोकळा नाहीये."

या प्रकरणातलं सगळ्यात खरं वाक्य मला तेच वाटतं. लक्ष होतं. हात नव्हता.

सव्वादहाला घर शांत झालं. मोठी मुलं ठोकळ्यांशी बसली. मावशींनी बाळाला खुर्चीतून काढलं, चादरीवर निजवलं आणि अंगडं बदलायला घेतलं. "ओलं झालं ना? काढूया हं. आता हा हात." असं म्हणून त्या थांबल्या. चार-पाच सेकंद काहीच केलं नाही. बाळाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात स्वतःहून थोडा वर केला. मग त्यांनी बाही काढली.

एमी पिकलर नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी 1946 मध्ये बुडापेस्टला तान्ह्या मुलांसाठी एक निवासी घर सुरू केलं. तिथल्या सांभाळणाऱ्या बायकांना त्या हेच शिकवत: बाळाला हात लावण्याआधी काय करणार ते सांगा, त्याच्या उत्तरासाठी थांबा, न्हाऊ-माखू घालताना, भरवताना, लंगोट बदलताना घाई करू नका, कारण बाळाशी नातं जुळायचं असतं ते त्याच वेळी. मावशींनी हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. पण ती चार सेकंदं थांबण्याची समज त्यांच्या हातात होती. नऊ ते सव्वानऊ तिला जागाच मिळत नव्हती.

मावशींचं म्हणणं

दुपारी मुलं झोपल्यावर आम्ही हळू आवाजात बोललो. आधी त्या सावध होत्या. तपासणीला कुणीतरी आलंय असं त्यांना वाटत होतं आणि ते साहजिक होतं. त्यांच्याकडे कुणी आलंच तर तक्रार घेऊनच येतं. मी विचारलं, "तुम्ही आजारी पडलात तर?" त्या म्हणाल्या, "पडत नाही." थोड्या वेळाने सांगितलं की मागच्या महिन्यात ताप अंगात घेऊनच त्यांनी चार दिवस मुलं सांभाळली. त्या एका जागी बसून बोलत होत्या, पण कान झोपलेल्या मुलांकडे होते.

तिसरं तान्हं घ्यायचं नाही असं त्यांनीच ठरवलं होतं. पण दोन मोठी मुलं शाळेत गेल्याने दोन घरांचे पैसे थांबले, आणि त्याच वेळी या आईने हात जोडले. हे गणित जगात बहुतेक पाळणाघरांचं असतं आणि पालकांना ते कुणी उलगडून सांगत नाही. या कामात खर्चाचा मोठा वाटा माणसांच्या पगाराचाच. एका माणसामागे मुलं कमी ठेवली की दर मुलामागचा खर्च वाढतो. पालकांची देण्याची ताकद तेवढी नसते. मग मधली फट भरते कशाने? सांभाळणाऱ्या बाईच्या कमी मिळकतीने, न घेतलेल्या सुट्टीने, दुखणाऱ्या कमरेने. आणि ते पुरलं नाही की बाळाच्या वाट्याच्या वेळेने. इंग्लंडने सप्टेंबर 2023 मध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी चार मुलांमागे एक माणूस हे प्रमाण पाचामागे एक असं सैल केलं, ते याच ताणापोटी. ज्या घरात मुलाच्या सांभाळाचा प्रश्न पडतो तिथे तो खासगी अडचण म्हणून सोसला जातो, पण बालहक्कांच्या 1989 च्या संयुक्त राष्ट्र करारातलं 18 वं कलम स्पष्ट म्हणतं की नोकरी-धंदा करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांना सांभाळाच्या सोयींचा लाभ मिळावा यासाठी शासनाने पावलं उचलावीत. ही मेहेरबानी नाही. ज्यांनी करारावर सही केली त्यांच्याकडे हे मागायचा आपल्याला अधिकार आहे.

मावशींनी आणखी एक सांगितलं, जे ऐकून मी गप्प झाले. "मूल रुळलं नाही की आईबाप यायचे बंद होतात. का ते सांगत नाहीत. मग मी रात्री विचार करत बसते, माझं काय चुकलं."

दोघींना समोरासमोर बसवणं

शनिवारी संध्याकाळी आई, बाबा, मावशी आणि मी असे चौघं बसलो. सुरुवात कठीण गेली. बाटलीबद्दल मी आईला आधी सांगितलं नव्हतं. मावशींनी ते स्वतः सांगावं असं आम्ही ठरवलं होतं. त्यांनी सांगितलं. आई उठून उभी राहिली. तिला राग यायलाच हवा होता आणि मी तो शमवायला गेले नाही. मावशी म्हणाल्या, "चुकलंच ते. मी माझ्या नातवाला अशी बाटली दिली नसती." त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

दोन गोष्टींवर मी चर्चाच ठेवली नाही. टेकवलेली बाटली त्याच दिवसापासून बंद: दूध श्वासनलिकेत जाऊन बाळ गुदमरू शकतं, आणि आडवं पडून पिण्याचा कानाच्या दुखण्याशीही संबंध आहे. दुसरं, बाळखुर्चीत झोप नाही. कलत्या खुर्चीत मान पुढे पडून श्वास अडतो. एक वर्षाखालच्या बाळाने सपाट, टणक गादीवर, उताणं, भोवती उशी-खेळणी काही न ठेवता झोपावं. अमेरिकेत 1994 पासून बाळाला उताणं निजवण्याची मोहीम चालली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक होणारे बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. इतका साधा उपाय, इतके जीव. जागेपणीही खुर्चीत किंवा बाबागाडीत बांधून एका वेळी तासाभराहून जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं 2019 चं मार्गदर्शन आहे.

मग आईकडून एक गोष्ट कळली जी मावशींना ठाऊक होती आणि मला नव्हती. रोज सकाळी बाळ खेळण्यात रमलं की ती पाठ फिरताच गुपचूप निघून जायची. "रडणं बघवत नाही हो." कुणाला बघवेल? पण बाळाच्या बाजूने पाहा. मान वळवली आणि आई नाही. मग पुढच्या वेळी मान वळवायचीच नाही, दाराकडे डोळे लावून बसायचं. बाळखुर्चीतली ती नजर मला तेव्हा उलगडली.

बाबांनी त्या दिवशी स्वतःची यादी पुन्हा उघडली आणि मला विचारलं, यातलं काय बघायचं मग? मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. पाळणाघर पाहायला दुपारी शांत वेळी जाऊ नका, सगळ्यांत गर्दीच्या वेळी जा आणि अर्धा तास नुसते बसा. त्या वेळी मोठी माणसं किती आणि मांडीवर न मावणारी बाळं किती ते मोजा. रडणाऱ्या मुलाकडे कुणी किती वेळात वळतं, वळल्यावर त्याच्या उंचीला खाली बसतं का, ते पाहा. मावशी आजारी पडल्या तर कोण, हे विचारा. औषध द्यायचं तर लेखी घेतात का, गुदमरलेल्या बाळाला काय करायचं याचं प्रशिक्षण कुणी घेतलंय का, आग लागली तर दुसरी वाट कुठली. आणि दूरचित्रवाणी चालू आहे का बघा, कारण दोन वर्षांखाली पडदा नकोच, असं तेच 2019 चं मार्गदर्शन सांगतं. कॅमेऱ्यात बाटली दिसली असती. हात मोकळा का नाही, ते दिसलं नसतं.

काय केलं

सगळ्यात जास्त मेहनत कशाला लागली असेल तर येण्याच्या वेळा फोडायला. चार घरांना फोन, प्रत्येकाची अडचण खरी. शेवटी दोन मुलं साडेआठला, एक नऊला, एक साडेनऊला असं जमलं. एक कुटुंब नाराज होऊन पुढच्या महिन्यात निघून गेलं. त्याचं मला वाईट वाटतं, पण दुसरा मार्ग दिसला नाही.

सकाळचे दोन तास मदतनीस ठेवायची ठरली. मावशींच्या ओळखीची एक मुलगी होती, धीराची. तिचे पहिल्या तीन महिन्यांचे पैसे आमच्या संस्थेतल्या, सांभाळ करणाऱ्यांसाठी राखलेल्या छोट्या निधीतून दिले आणि पुढचे सगळ्या घरांनी थोडे थोडे वाटून घ्यायचे असं लिहून ठेवलं. तोंडी ठेवलं असतं तर चौथ्या महिन्यात मावशींना मागायची लाज वाटली असती. दोघींनी बालकांच्या प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं. संध्याकाळी उशीर झाला तर काय, मावशींना वर्षातून किती दिवस सुट्टी, हेही त्याच कागदावर आलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. बदली म्हणून दोन गल्ल्या पलीकडच्या दुसऱ्या मावशी तयार झाल्या, आणि मुलांना त्या अनोळखी राहू नयेत म्हणून महिन्यातून दोनदा दोन्हीकडची मुलं एकत्र खेळायला आणू लागलो. एकट्याने हे काम करणाऱ्या बायकांना एकमेकींशी बोलायला मिळणं हा यातला न ठरवलेला फायदा.

आणि बाळाला पुन्हा रुळवायचं ठरलं, अगदी पहिल्या दिवसापासून. बर्लिनमध्ये 1980 च्या दशकात यासाठी एक पद्धत तयार झाली आणि आज जर्मनीत ती सर्रास वापरतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा बाळाबरोबर तासभर थांबतात. सोडून जायचंच नाही. पालकाने कोपऱ्यात बसायचं, बाळ आलं तर जवळ घ्यायचं, पण स्वतःहून खेळवायला जायचं नाही, म्हणजे सांभाळणाऱ्या व्यक्तीला जागा मिळते. चौथ्या दिवशी पालक निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर. बाळ रडलं आणि मावशींकडून शांत झालं, तर तो वेळ हळूहळू वाढवायचा. शांत होत नसेल तर लगेच परत यायचं आणि आणखी काही दिवस थांबायचं. चौथा दिवस सोमवारी येत असेल तर पहिली ताटातूट मंगळवारी, कारण दोन दिवस घरी राहून बाळ पुन्हा घरचं झालेलं असतं.

बाबांचा रात्रपाळीचा आठवडा होता, म्हणून ते थांबले. आजींनी विचारलंही, बाप कसा बसणार तिथे दिवसभर? तासभरच होता तो, आणि ते उत्तम बसले. चौथ्या दिवशी त्यांनी बाळासमोर उकिडवं बसून सांगितलं, "बाबा जातोय, येतो परत," आणि ते बाहेर पडले. बाळ रडलं. मावशी त्याला घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या, "गेले बाबा, येणार आहेत," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत. सात मिनिटांनी बाबा आत आले तेव्हा ते हुंदके देत होतं, पण डोकं मावशींच्या खांद्यावर टेकलेलं होतं. मी पहिल्यांदा त्याला तिथे टेकलेलं पाहिलं.

सगळं सरळ चढत गेलं नाही. पुढच्या शनिवार-रविवारनंतर पुन्हा आकांत झाला आणि वेळ मागे आणावी लागली. आईचा एक न धुतलेला सुती रुमाल पाळणाघरात ठेवला. जागं असताना हातात, झोप लागली की काढून घ्यायचा. आईचं दूध बाटलीतून जायचं, तेही नीट लावून घेतलं: काढलेलं दूध साध्या खोलीच्या तापमानाला चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, आणि बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांत संपवायचं नाहीतर टाकायचं. बाटली आता मांडीवरच मिळायची. तिसऱ्या आठवड्यात बाळ ती पुरी पिऊ लागलं.

आईचा प्रश्न

एका संध्याकाळी निघताना आई दारात थांबली. "ताई, खरं सांगा. मी नोकरी सोडली असती तर हे झालंच नसतं ना?"

या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. जॉन बोल्बी यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला अहवाल आईपासून तुटलेल्या मुलांबद्दल होता, अनाथालयांतल्या, रुग्णालयांतल्या. तो पुढे कामावर जाणाऱ्या आयांच्या माथी मारला गेला. अमेरिकेत 1991 पासून 1,300 हून जास्त मुलांचा जन्मापासून अनेक वर्षं माग घेणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यात दिसलं की नुसतं दुसऱ्याकडे सांभाळायला ठेवल्याने आई-मुलाच्या नात्याची सुरक्षितता ढळत नाही. घरातल्या नात्याची ऊब मुलाच्या वाढीत जास्त वजनदार ठरते, आणि सांभाळाची प्रतही मोजावी लागते. जिथे घरातही बाळाची हाक ऐकू जात नाही आणि बाहेरही सांभाळ कमअस्सल, तिथे जोखीम वाढते.

मी तिला एवढंच म्हटलं, "बाळाला तुझ्यावर भरवसा आहे म्हणूनच ते तुझ्यामागे रडतं. तो भरवसा आहे तसाच आहे. आता त्याला आणखी एक माणूस मिळवून द्यायचंय." ती रडली. मग तिने मावशींना विचारलं की उद्या अर्धा तास आधी आले तर चालेल का, नुसती बसायला.

वही

पाळणाघरात एक साधी वही ठेवली होती. सकाळी घरून दोन ओळी: रात्री किती झोप, काय खाल्लं, दात-ताप काही. संध्याकाळी मावशींच्या दोन ओळी. पालकांना बहुतेक वेळा शी-शू आणि घासांचे हिशेब मिळतात. मी मावशींना विनंती केली की रोज एक गोष्ट बाळाने काय केलं ती लिहा. सुरुवातीला "छान खेळलं" एवढंच यायचं. मदतनीस रुजली तसं लिहिणं बदललं. "आज ठोकळा पेल्यात टाकला, काढला, टाकला. नऊ वेळा." "खिडकीतल्या चिमणीला हात केला."

दीड महिन्याने वजन वाढलं. रात्रीची जाग एक-दोनवर आली. संध्याकाळी आईला चिकटणं मात्र कमी झालं नाही आणि ते होऊ नये असंच मला वाटतं.

बाळ साधारण साडेचौदा महिन्यांचं असताना वहीत ही नोंद आली: "समोरून बोललं की हसतं. मागून हाक मारली की वळत नाही. भांडं पडलं की दचकतं. तीन दिवस बघते आहे. डॉक्टरांना दाखवावं."

घरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण घरी सगळे त्याच्या तोंडासमोरच बोलत. नुकत्याच दोन सर्द्या होऊन गेल्या होत्या. घोळक्यात राहू लागलेल्या मुलाला पहिल्या वर्षी त्या होतातच. तपासणीत दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलेलं निघालं. लहान मुलांत हे पुष्कळदा होतं आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा कान तपासायला बोलावलं आहे. तोवर आवाज त्याला कापसातून यावा तसा येतो. बोलायला शिकण्याच्या ऐन वेळी हे तीन महिने थोडे नाहीत. जवळ जाऊन, समोर बसून, चेहरा दिसेल असं बोला, मागे रेडिओ किंवा टीव्ही चालू ठेवू नका, असं त्यांनी घरी आणि पाळणाघरात दोन्हीकडे सांगायला लावलं.

मी मावशींना विचारलं, हे तुमच्या नजरेत आलं कसं? त्या म्हणाल्या, "सकाळी ती पोरगी असते ना आता. मी त्याच्या मागे बसून वेणी घालत होते एकीची. हाक मारली, वळलं नाही. आधी मला बसायलाच कुठे मिळत होतं?"

दुसरी तपासणी अजून दोन आठवड्यांवर आहे. परवा मी गेले तेव्हा मदतनीस मुलगी बाळाला हाक मारायच्या आधी वळसा घालून समोर येत होती, उकिडवी बसत होती आणि मग बोलत होती. ठोकळ्यांशी खेळणारी चार वर्षांची पोरगी हे बघत असावी. तिला बाळाच्या हातातला पेला हवा होता. ती उठली, फिरून त्याच्या समोर आली, दोन्ही गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाली, "देतोस?"